सहाव्या मिनिटाला

"ह्याची चाकं कुठायत?"

हणमंत इथापे गुडघ्यांवर हात ठेवून सिम्युलेटरच्या खाली वाकून बघत होते. मागे आमच्या ऑफिसातले पाच-सहा जण उभे होते, ते फिसकन हसले.

"चाकं माझ्याकडे आहेत, काका," मी म्हटलं. "कॉम्प्युटरमध्ये."

मग हसू आणखी वाढलं. काका मात्र हसले नाहीत. डाव्या बाजूला, जिथे खऱ्या विमानाचं चाक असतं, तिथल्या मोकळ्या फरशीकडे ते जरा वेळ बघत राहिले आणि मग त्यांनी डोक्यावरची टोपी नीट केली.

याला आता बारा वर्षं झाली. मी तेव्हा एकोणतीस वर्षांची होते आणि भोसरीतल्या एका लहानशा कंपनीत लढाऊ विमानाचा सिम्युलेटर बनवत होते. सिम्युलेटर म्हणजे विमानाच्या कॉकपिटची हुबेहूब नक्कल, एका बंद पांढऱ्या खोक्यात बसवलेली. खोकं सहा यांत्रिक पायांवर उभं. आतल्या पडद्यावर धावपट्टी पळे आणि पाय वरखाली होऊन धक्के देत. चाकं, ब्रेक आणि टायर हे सगळं आकड्यांत होतं आणि ते आकडे माझे होते.

काका निवृत्त वॉरंट ऑफिसर. मूळचे कोरेगाव तालुक्यातले. सगळी नोकरी लढाऊ विमानांची चाकं सांभाळण्यात गेलेली. शुक्रवारी सिम्युलेटर ताब्यात घ्यायला तपासणी समिती येणार होती आणि तिची एक अट होती. ब्रेक आणि टायरचा भाग जमिनीवर काम केलेल्या जाणत्या माणसाने बघून सही केली पाहिजे. आमचे साहेब पोंक्षे सर, त्यांनी ओळखीतून काकांना शोधून आणलं. फॉर्मवर एकच वाक्य होतं, 'ब्रेक, चाके व टायर यांचे वर्तन प्रत्यक्षाप्रमाणे आहे.' त्याखाली माझी सही झालेली होती. तिच्याखालची रेघ काकांसाठी रिकामी होती.

आता त्या सहीत काय पाणी मुरत होतं ते सांगते. वेगात निघालेलं विमान धावपट्टीवर मध्येच थांबवावं लागलं, तर तो सगळा वेग ब्रेक गिळतात आणि लालभडक तापतात. ती उष्णता ब्रेकमधून रिममध्ये आणि रिममधून टायरमध्ये सावकाश उतरते. टायरला खरा धोका असतो तो पंधरा-वीस मिनिटांनी, विमान निवांत उभं असताना. त्याआधीच पुन्हा पळवलं, तर पळण्याचा ताण पडून तो वाटेतही फुटतो. म्हणून पुन्हा निघण्याआधी पाऊण तास थांबायचं. हे सगळं मी आकड्यांत चोख बसवलं होतं आणि मला त्याचा गर्वही होता. पण पहिल्या चाचणीत पायलट नुसता बसून राहिला आणि पोंक्षे सर वैतागले. "वाट बघायला कुणी सिम्युलेटरमध्ये येत नाही, गौतमी," ते म्हणाले. "तासाला सहा उड्डाणं झाली पाहिजेत."

मी प्रोग्राममध्ये एक ओळ घातली. विमान धावपट्टीच्या टोकाला परत आलं की ब्रेकचं तापमान आपोआप चाळीस अंश. दहा सेकंदांचं काम. खरं सांगायचं तर मलाही वाट बघणं कधी जमलं नाही. मायक्रोवेव्ह वाजायच्या आत मी दार उघडते. शिवाय समिती खूश झाली की विभाग माझ्या हाताखाली येणार होता, तसं सरांनी सूचित केलं होतं. ती ओळ बंद करायचं एक बटण मी पडद्याच्या मागच्या पानावर लपवून ठेवलं होतं. ते कशासाठी, हे तेव्हा मला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

काकांना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांनी सकाळी विचारलं होतं, "तापमान धरता न्हवं?" मी म्हटलं होतं, "हो, धरतो." तेवढ्यावर त्यांचा विश्वास बसला. मग चहा आला. त्यांनी पेल्यापाशी हाताची मागची बाजू नेली, घड्याळ बघितलं आणि थांबून राहिले. चहावर साय धरली तरी हात तिथेच. मी चेष्टेने म्हटलं, "काका, चहा निवला." ते म्हणाले, "निवू दे." मला वाटलं, म्हातारपणाची सवय असेल.

बाराच्या सुमारास आम्ही दोघं वर चढलो. मी पुढे पायलटच्या जागी आणि काका मागे शिक्षकाच्या खुर्चीत. तिथे त्यांच्यासमोर ब्रेकच्या तापमानाचा पडदा होता. विमान उडवायला मला येत नव्हतं, पण धावपट्टीवर पळवून थांबवणं मी हजारदा केलं होतं. खोक्यात चढायचा पूल मागे सरकला, खोकं वर उचललं गेलं, नाक आभाळाकडे झालं आणि त्याच क्षणी वीज गेली.

गुरुवार म्हणजे आमच्याकडे वीजदुरुस्तीचा वार. सकाळी गेली नाही म्हणून आम्ही गाफील राहिलो होतो. कॉम्प्युटर बॅटरीवर चालत राहिले. पाय मात्र वीज गेली की आहेत तिथेच घट्ट आवळले जात, खोकं खाली कोसळू नये म्हणून. आम्ही अकरा फुटांवर, पाठीवर रेलल्यासारखे तिरपे अडकलो. उतरायला एक शिडी दाराशी ठेवायचा नियम होता. ती शिडी सकाळी गेटवर 'सुस्वागतम्'चा फलक बांधायला नेली होती आणि तिथून मांडववाल्याच्या टेम्पोत बसून निघून गेली होती.

इंटरकॉमवर पोंक्षे सरांचा आवाज आला. अग्निशमन दलाला बोलवा, असं खाली कुणीतरी म्हणत होतं. समितीच्या आदल्या दिवशी दारात लाल गाडी नको, असं सरांनी ठरवलं. शिडी परत आणायला माणूस धाडला होता आणि तो वाघोलीला, मांडववाल्याकडे, पोचायचा होता. "दीड-दोन तास," सर म्हणाले. "आणि गौतमी, आता वेळ आहेच, तर तो फॉर्म उरकून घे."

एसी बंद झाला होता. वर पत्र्याचं छप्पर आणि एप्रिल महिना. दार उघडलं तर खालची गरम हवाच आत आली. फॉर्म माझ्या मांडीवर होता आणि घामाने त्याचा कोपरा ओला झाला होता. मागे मान वळवली की काकांचे गुडघे माझ्या खांद्याला लागत. मला कुठेतरी निघून जावंसं वाटत होतं आणि जायला जागा नव्हती.

"मॅडम," काका म्हणाले, "हे चालतंय ना अजून? मंग एकदा दावा. पळवा, थांबवा आणि माघारी आणा."

नाही म्हणायला काही कारण उरलं नव्हतं. मी पळवलं. अडीचशेच्या वेगाला दोन्ही पाय ब्रेकवर उभे केले. विमान थरथरत थांबलं, म्हणजे पडद्यावर थांबलं. मागून काका आकडे वाचत होते, तीनशे, चारशे, चारशे ऐंशी. "बराबर," ते म्हणाले. मग मी विमान वळवून धावपट्टीच्या टोकाकडे आणू लागले. इतकं सावकाश मी ते कधीच आणलं नव्हतं. टोकाला पोचले आणि माझ्या ओळीने तिचं काम केलं.

मी मागे बघितलं नाही.

"किती मिंटं झाली?" त्यांनी विचारलं.

"तीन."

"तीन मिंटात चाळीस." ते खुर्चीत सरळ झाले असावेत, खुर्ची करकरली. "लई सुधारलं म्हणायचं. नव्या जातीचे ब्रेक असतील. आता पोरांना थांबायला लागत न्हाई. बरं झालं. लई बरं झालं बघ पोरी."

मॅडमची मी पोरगी झाले होते. त्यांच्या आवाजात इतका हलकेपणा होता की मला भीतीच वाटली. आणि मग मी न विचारता ते सांगू लागले.

सत्त्याऐंशी साली ते सीमेजवळच्या एका तळावर होते. धावपट्टीच्या टोकाला उभं राहून विमानावर शेवटची नजर टाकायची, ही त्यांची ड्युटी. सगळं ठीक असलं की पायलटला अंगठा दाखवायचा. तो अंगठा बघितल्याशिवाय पायलट हलत नसे. त्या दिवशी चार विमानं निघाली. चौथं कुरियन नावाच्या एका पोरसवदा अधिकाऱ्याचं होतं. तो रोज सकाळी "काय इथापे, बरं हाय का?" असं अगदी काकांच्याच ढंगात विचारायचा. तेवढंच त्याचं मराठी. धावपट्टीवर पक्षी आले म्हणून त्याने मध्येच ब्रेक मारले आणि तो टोकाला परत आला. बाकीची तिघं वर घिरट्या घालत होती. रेडिओवर घाई चालली होती.

"त्यानं माझ्याकडं बघितलं," काका म्हणाले. "मी चाकापाशी गेलो. हाताची मागली बाजू लावली. गार लागलं. कोमट म्हण, पर गारच. मी अंगठा दावला."

मी पुढच्या पडद्यावरच्या रिकाम्या धावपट्टीकडे बघत बसले होते.

"अर्ध्या वाटंवर टायर गेला. मंग इमान कडंला वळलं. पोरगं वाचलं न्हाई. चौकशी झाली. टायर सदोष, असं लिवलं. माझं नाव कागदावर कुठंच आलं न्हाई. त्या दिसापास्नं मी कुणाला अंगठा दावला न्हाई. टायर भरायच्या खोलीत बदली मागून घेतली."

"तुम्हाला गार लागलं होतं ना, काका?"

"लागलं हुतं, असं मी म्हणतो. सव्वीस वर्सं झाली. आता वाटतं, घाईत नीट लावलाच न्हाई हात." त्यांनी खिशातून पेन काढल्याचा आवाज आला. "पर आता तुमच्या मशीननं तो घोरच मिटवला. आण तो कागुद."

त्यांचा हात माझ्या खांद्यावरून पुढे आला. त्यावर शिरा उठल्या होत्या आणि बोटं फॉर्मसाठी पसरलेली होती. त्याच वेळी इंटरकॉम खरखरला. "झाली का सही?" सरांनी विचारलं.

फॉर्म द्यायचा, दोन तास गप्प बसायचं आणि खाली उतरायचं. काका गावी जातील आणि बाकीचं आयुष्य निश्चिंत झोपतील. त्यांच्या सुखासाठीच गप्प बसावं, असंही मनात आलं. स्वतःच्या सोयीला मी किती पटकन दुसऱ्याचं सुख म्हटलं, याची मला आजही लाज वाटते.

मी इंटरकॉम बंद केला.

"काका, ते गार झालेलं नाही," मी म्हटलं. "मी केलंय."

मी सगळं सांगितलं. ओळ, तासाला सहा उड्डाणं आणि सकाळचं खोटं. पुढे आलेला त्यांचा हात मागे गेला.

"म्हंजे तापलेलंच हाय," ते म्हणाले.

"हो."

"आणि हितं तुझी सही हाय."

"हो."

"मी निदान हात तरी लावला हुता, पोरी."

त्यांनी आवाज चढवला नव्हता. चढवला असता तर मला सोपं गेलं असतं. मी रडले, चांगली मुसमुसून रडले. अकरा फुटांवर, तिरपी होऊन, एका माणसाच्या गुडघ्यांना टेकून. त्यांनी समजूत घातली नाही आणि रागेही भरले नाहीत. नाक पुसून झाल्यावर म्हणाले, "खरंखुरं हाय का तुझ्यापाशी? का तेबी पुसलंस?"

"आहे."

"मंग चालू कर. मी बसतो."

मी मागच्या पानावरचं बटण दाबून ती ओळ बंद केली. पुन्हा पळवलं, पुन्हा थांबवलं, पुन्हा टोकाला आणलं. या वेळी ब्रेकचा आकडा साडेचारशेच्या वर तसाच राहिला. मी काकांना रिमचा वेगळा आकडा कुठे बघायचा ते सांगितलं. मग आम्ही वाट बघू लागलो.

आयुष्यात मी इतकी वाट कधी बघितली नव्हती. काका मनगटावरचं घड्याळ डोळ्यांपाशी धरून बसले होते. त्यांनी मला समजावलं, जणू हे मी लिहिलंच नव्हतं. उकळत्या आमटीत पळी ठेवली की दांडा लगेच तापत नाही, जरा वेळाने धरला तर चटका बसतो. मी म्हटलं, हो काका.

"सहा मिंटं," ते एकदम म्हणाले. आवाज बदलला होता. "मी सहाव्या मिंटाला हात लावला हुता. किती हाय रिमला?"

"तुमच्यासमोर आहे, काका. वाचा."

त्यांनी वाचलं नाही. मी उलटी वळून, खुर्चीवर गुडघे टेकून त्यांच्या पडद्यात बघितलं. "एक्केचाळीस."

"हाताला कसं लागंल?"

"तिथल्या उन्हात? गारच लागेल, काका. उन्हातलं साधं लोखंडही त्याहून तापलेलं असतं."

"नीट हात लावला तरी?"

"कसाही लावला तरी."

त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि तोंडावरून हात फिरवला. मग आकडा चढत गेला. दहाव्या मिनिटाला नव्वद, चौदाव्याला दीडशे. विमान जागचं हललं नव्हतं, सूर्यसुद्धा पडद्यावर तिथेच होता. अठराव्या मिनिटाला टायर गेला. पाय आवळलेले असल्यामुळे आम्हाला धक्का बसला नाही. पडद्यावरचं क्षितिज फक्त डावीकडे थोडं कललं.

काका त्या कललेल्या क्षितिजाकडे बघत राहिले. "म्हंजे गारच हुतं," ते म्हणाले. "मला भास झाला न्हवता."

मग त्यांनी फॉर्म मागितला. सही केली आणि तिच्या शेजारी बारीक, शाळेतल्यासारख्या अक्षरात लिहिलं, 'ताप चालू ठेवून पाहिले. सहाव्या मिनिटाला गार. अठराव्याला टायर गेला. पाऊण तास थांबणे.' खाली तारीख आणि वेळ घातली.

शिडी आली तेव्हा अडीच वाजून गेले होते. पोंक्षे सरांनी सही बघितली, तोंडभर हसले आणि मग शेजारचा मजकूर वाचला. उद्यापुरतं ते बंद कर, असं त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. मी म्हटलं, ताप बंद केला तर काकांची सही खोटी ठरेल आणि नवी सही घ्यायला वेळ नाही. ते माझ्याकडे बघत राहिले. अडकणं म्हणजे काय, ते त्यांना खाली जमिनीवर उभ्या उभ्या कळलं असावं.

विभाग माझ्या हाताखाली आला नाही. वर्षभराने मी ती कंपनी सोडली. त्या सिम्युलेटरवर शिकलेलं कुणी माझ्या आकड्यांमुळे वाचलं का, ते मला माहीत नाही. कळायला मार्गही नाही, कारण जो थांबला त्याच्या बाबतीत काही घडतच नाही. पण त्या शुक्रवारचं मला सगळं आठवतं.

समितीतला तरुण पायलट खोक्यात एकटा बसला होता. चाचणीत त्याने विमान माझ्यापेक्षा बऱ्याच कमी वेगात असतानाच थांबवलं, म्हणून टायर टिकला, आणि ते टोकाला परत आणलं. आम्ही सगळे खाली उभे होतो. पाच मिनिटांनी इंटरकॉमवर त्याचा आवाज आला, निघू का? समितीचे मोठे साहेब घड्याळाकडे बघायला लागले. पोंक्षे सर माझ्याकडे बघायला लागले. "कशासाठी थांबलोय आपण?" साहेबांनी विचारलं.

"ब्रेक गार व्हायची वाट बघतोय, साहेब," काका म्हणाले.

ते सिम्युलेटरच्या डाव्या बाजूला, पुढच्या अंगाने, मोकळ्या फरशीपाशी उभे होते. साहेबांनी त्यांचं नाव आणि जुनं पद विचारलं. उत्तर ऐकून ते शेजारच्या खुर्चीवर बसले. मग बाकीचेही बसले. चहा आला आणि गेला. आतल्या पोराने आणखी दोनदा विचारलं आणि मी दोनदा नाही म्हटलं. काका पाऊण तास उभेच होते.

चौथ्यांदा आवाज आला, आता निघू का? माझ्या पडद्यावर रिमचा आकडा खाली आला होता, पण मी बोलले नाही. मी काकांकडे बघितलं. त्यांनी घड्याळ बघितलं, दोन पावलं पुढे गेले, वाकले आणि हाताची मागची बाजू हवेत, जिथे चाक असतं तिथे धरली. कुणी हसलं नाही. बराच वेळ धरून ठेवली.

मग ते सरळ झाले, माझ्याकडे वळले आणि त्यांनी अंगठा वर केला.